माकणीच्या विहिरींची वही

"मॅडम, मला कुणीतरी कोंडलंय!"

उमादेवी मॅडम फोन कानाला तसाच धरून प्रयोगशाळेकडं धावल्या. मागच्या सामानखोलीला बाहेरून कडी होती. ती काढताच राजेश्वरी घामानं निथळत बाहेर आली. तिनं आधी टेबलावरची पिशवी उपसली.

"वही न्हाय!"

अकराला शिष्यवृत्तीची मुलाखत होती. साडेदहा वाजले होते. राजेश्वरीनं माकणी गावच्या विहिरींतला क्षार वर्षभर मोजला होता. संशोधन कसं करायचं, मुलाखतीत कसं बोलायचं, हे उमादेवी दर शनिवारी शिकवायच्या. विषयाचे मार्गदर्शक मात्र शिवप्रसाद सर. माकणीच्या पाण्यावर त्यांचाही एक निबंध नुकताच छापून आला होता.

"कधी कोंडलं?"

"दहाला. तक्त्याचं स्टँड आणायला आत गेले, तवर कडी वाजली. लई हाका मारल्या. आत रेंजच येईना, आत्ता कुठं तुम्हाला फोन लागला."

"वहीत काय काय होतं?"

"सगळी मूळ मोजमापं. तक्त्यावर बारा विहिरी हायत. काल सांजच्याला अजून एक मोजली, ती वहीतच लिहिली. अजून कुणाला सांगितलीबी न्हाय."

शिपाई गुंडप्पा दाराशी आला होता.

"दहाच्या सुमाराला इकडं कोण आलं होतं?"

"विरेश आन् शिवप्रसाद सर. दोघंच."

विरेशचीही आज मुलाखत होती. उमादेवींनी त्याला बोलावलं.

"वही तू घेतलीस?"

"न्हाय मॅडम. बाटल्या न्यायला आलतो."

"हाका ऐकल्यास?"

विरेशनं मान खाली घातली. "ऐकल्या."

"मग?"

"वाटलं, ती न्हाय आली तर माझा नंबर लागंल."

राजेश्वरी त्याच्याकडं बघतच राहिली. तीन वर्षं दोघं एकाच बसनं येत होती.

इतक्यात शिवप्रसाद सर बॅग सावरत आत आले. "वही हरवली म्हणे? अरेरे. तेरा विहिरींची मेहनत! पण वहीशिवाय परीक्षक मानणार नाहीत. यंदा माघार घे. अंतर्गत गुण माझ्याच हातात आहेत, तुझं नुकसान होऊ देणार नाही."

राजेश्वरीनं रिकामी पिशवी खांद्याला अडकवली. खोलीचं दार उघडलं होतं, तरी सुटका नव्हती.

"व्हय सर," ती पुटपुटली.

"थांब," उमादेवी म्हणाल्या. "सर, तेरा कशा?"

"तक्त्यावर आहेत की."

"तक्त्यावर बारा आहेत. तेरावी तिनं काल सायंकाळी मोजली. ती फक्त वहीत आहे. वही वाचल्याशिवाय तेरा हा आकडा तुमच्या तोंडी येणार नाही."

"विरेशनं सांगितलं असेल."

"मलाच आत्ता कळतंय," विरेश म्हणाला.

"तुमचा निबंध मी वाचलाय. त्यातले आकडे हिच्या तक्त्यावरचेच आहेत," उमादेवी पुढं बोलल्या. "वहीत प्रत्येक मोजमापाला तारीख आहे, विहीरमालकाची सही आहे. परीक्षकांनी ती उघडली असती, तर चोरी उघडी पडली असती. म्हणून वही उचललीत. ही मधे येऊ नये म्हणून कडी घातलीत. बॅग उघडा."

सरांचा हात चेनवर अडखळला. पुस्तकांच्या मधून निळ्या पुठ्ठ्याची वही निघाली.

"मॅडम, हे इथंच मिटवू," सर हळूच म्हणाले. "पोरीला पूर्ण गुण देतो."

उमादेवी राजेश्वरीकडं वळल्या. "काम तुझं आहे. तूच सांग."

राजेश्वरीनं वही छातीशी धरली.

"आधी मुलाखत देते. मग प्राचार्यांकडं लेखी तक्रार. सर, तुमच्या समोरच लिहीन."

अकराला ती परीक्षकांपुढं उभी राहिली. पहिल्या प्रश्नाला तिचा आवाज थरथरला. दुसऱ्याला नाही.