चंपावर राज्य

ही गोष्ट मला कुणी सांगितलेली नाही. मी स्वतः तिथे होते. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

मे १९८४. मुलुंड पूर्वेची आमची चाळ. भर दुपार.

चाळीत एकच टीव्ही, तोही संध्याकाळी लागायचा. दिवसभर आम्ही सहा पोरं लगोरी, डबा ऐसपैस, नाहीतर लपाछपी खेळायचो. चाळीमागे एक बिल्डिंग अर्धवट बांधून पडली होती. लपायला झकास!

त्या वर्षी सातवी आली, चंपा. आठ वर्षांची. आईबाप गेले म्हणून मालवणहून मामीकडे आणलेली. तिच्या बोलण्याला आम्ही खिदळायचो. आमचा म्होरक्या श्यामसुंदर रोज लबाडी करून तिच्यावरच राज्य आणायचा.

त्या दुपारी ती भिंतीकडे तोंड करून आकडे मोजत होती.

श्याम कुजबुजला, "आज हिला घुमवू. चला, सगळे आपापल्या घरी."

आम्ही गेलो. मी पण.

पंख्याखाली पडल्या पडल्या मला तिची हाक ऐकू येत होती. "शकूऽऽ, खंय आसंस गो?"

मी हसले.

मग हाक बंद झाली...

संध्याकाळी चंपा त्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीत सापडली.

आम्ही सगळ्यांनी एकच सांगितलं, आम्ही कॅरम खेळत होतो. चाळीने मामीला बोल लावले. "नणंदेची पोर, लक्ष कोण देणार?"



पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा खेळायला लागलो. या वेळी राज्य श्यामवर. त्याने डोळे मिटले. "एक, दोन, तीन..."

धप्प...

त्याच्या पाठीवर थाप पडली.

"आकडे तरी होऊ दे ना यार! कोण आहे?"

आम्ही पाचही जण समोरच्या जिन्याखाली होतो.

त्याच्या शर्टावर ओला पंजा उमटला होता.

लहानसा.

मग नळावर. जिन्यात. जेवायला बसल्यावर.

धप्प...

शर्ट वाळेचना. श्याम भिंतीला पाठ घासत चालायला लागला. पाठ उघडी सोडेना.

चौथ्या दिवशी थाप भिंतीच्या आतून आली.

तो किंचाळत मामीच्या घरात शिरला. पाठोपाठ आम्ही. मामी तांदूळ निवडत होती. त्याने रडत रडत सगळं सांगितलं. आमच्या नावांसकट.

मामीचा हात थांबला.

"माका कित्याक सांगतंस?" ती म्हणाली. "जा, तिका सांग."

श्याम एकटाच त्या बिल्डिंगमध्ये गेला. आम्ही बाहेर उभे. आधी त्याचं हुंदके देणं ऐकू येत होतं.

मग तेही थांबलं...

बऱ्याच वेळाने तो बाहेर आला. शर्ट कोरडा ठणठणीत.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"मी सुटलो. तिने एकच विचारलं."

"काय?"

"बाकीचे खंय ऱ्हवतत?"

आम्ही कुठे राहतो, ते. मी त्याचा दंड धरला.

"मग? तू काय सांगितलंस?"

श्यामने मान खाली घातली. तो सरळ घरी निघून गेला.

जूनमध्ये वडिलांची बदली झाली आणि आम्ही मुलुंड सोडलं. बाकीच्या चौघांचं पुढे काय झालं, हे विचारायची माझी हिंमत झालेली नाही.

तेव्हापासून मी चार घरं बदलली.

एकाही दारावर नावाची पाटी लावली नाही.