डब्यावरच्या तीन टिचक्या

काम साधंच होतं. एक ट्रान्झिस्टर, एक नॉब आणि पायाने दाबायचं एक बटण, एवढं आणायला भुपेंद्र शुक्रवारी सकाळी भंडाऱ्याला गेला आणि जेवणाच्या वेळेला एकोडीला परतला.

गिटारच्या सुरांना खरखरीत धार देणारं त्याचं ओव्हरड्राइव्ह पेडल त्याने घरीच बनवलेलं होतं. आता त्यात बूस्ट बसवायचा होता, म्हणजे बटण दाबताच गिटार सगळ्या वाद्यांच्या वर उठेल. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रांतल्या नाटकांत तो गिटार वाजवायचा, आणि नाटक कंपनीचा मालक कमलेश कालच तोंडावर म्हणाला होता, "नगाऱ्यापुढं टिमकी कोन आयकते गा? शनिवारच्या तालमीत तुयी गिटार आयकू नाई आली, तं कीबोर्डवाला ठेवतो." भुपेंद्रला दुसरं काही येत नव्हतं. येऊ नये अशीच त्याची इच्छाही होती.

पेडलचा डबा म्हणजे वडिलांचा जुना जर्मनचा, अ‍ॅल्युमिनियमचा जेवणाचा डबा. वडील, सुखराम, तलावावर जाळं टाकायला जाताना त्यात भात आणि माशाचा रस्सा नेत. जेवण झालं की झाकण लावून बोटाने तीन टिचक्या मारत. काठावर कपडे धूत बसलेल्या त्यांच्या बायकोला, बेबीबाईला, तेवढ्यावरून कळे, धनी जेवला. चार वर्षांपूर्वी नाव उलटली तेव्हा कडी लावलेला डबा तरंगत काठाला आला. आत भात जसाच्या तसा. माणूस गेला याहून तो उपाशी गेला, हेच बेबीबाईला खात राहिलं. डबा डोळ्यांसमोर नको म्हणून तिनेच तो लेकाला देऊन टाकला.

पडवीत बसून भुपेंद्रने झाकणाला दुसरं भोक पाडलं, तारांना सोल्डरचे टाके मारले आणि पायाने बटण दाबलं. स्पीकर घूं करून घुमला, आणि त्या घुमण्यात...

टक्. टक्. टक्.

अशा डब्यावर टिचकी मारली की ती स्पीकरमधून ऐकू येते, हे त्याला ठाऊक होतं. पण डबा जमिनीवर होता आणि त्याचे दोन्ही हात गिटारवर. टाका कच्चा राहिला असेल म्हणून त्याने सगळे टाके पुन्हा डागले, बॅटरी बदलली, नॉब खाली आणला. पुन्हा दाबलं. तेच. तीनच. भर दुपारी त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"माय... तू ठोकून राहिली का काई?"

बेबीबाई हातात सूप घेऊन दारात उभी होती.

"मी कायले ठोकू?" ती हळूच म्हणाली. "जेवन झाला त्याईचा."

"असं नको बोलू, माय..."

"बंद नोको करू, बाबू. अजून एक डाव दाब."

त्याने दाबलं. बेबीबाई तिथेच खाली बसली, पदराने डोळे पुसत हसली. त्या दुपारी तिने भात दुसऱ्यांदा वाढून घेतला. चार वर्षांत पहिल्यांदा. ते पाहून भुपेंद्रची भीती निम्मी झाली, आणि सर्किट उचकटून टाकायचा विचार त्याने सोडून दिला.

शनिवारी आंधळगावच्या मांडवात तालीम झाली. गाण्यात त्याच्या तुकड्याआधी सगळी वाद्यं क्षणभर थांबायची. त्याने बटणावर पाय ठेवला. तीन टिचक्या वाजल्या आणि मागोमाग गिटार अशी उठली की ढोलकीवाला वळून बघू लागला.

"अरे बाप!" कमलेश खुर्चीतून उठला. "जमलं लेका! आन् ते सुरवातीचे तीन ठोके तसेच राहू दे. लय भारी वाटून राहिले."

नोकरी राहिली. घरी येताना भुपेंद्र सायकलवर शीळ घालत होता.

रविवारी सकाळी बॅटरी बघायला त्याने डबा उघडला. झाकणाच्या आतल्या बाजूला, नव्या तारांच्या शेजारी, भाताची चार शितं चिकटली होती. ओली. डब्यातून रश्श्याचा वास आला. आज घरात अजून चूल पेटली नव्हती.

"माय..." त्याने हाक मारली.

बेबीबाईने खांद्यावरून वाकून पाहिलं. ती जराही दचकली नाही.

"धुऊन ठेव तो डबा," ती म्हणाली. "उष्टा नोको ठेवू."

भुपेंद्रने बोट लावून पाहिलं. शितं अजून कोमट होती.