दुसरी नळी

कारखान्यात तिला सगळे ‘बुडबुडे’ म्हणत. नाव फोरमननं ठेवलं होतं आणि ते तिच्या कामावरूनच पडलं होतं. नव्या गॅसटाक्यांमध्ये दाबानं हवा भरायची, त्या एकेक करून पाण्याच्या हौदात बुडवायच्या आणि काठावरच्या स्टुलावर बसून बघत राहायचं. सांध्यातून एक जरी बुडबुडा वर आला तरी टाकी बाद. “फिजिक्सची पदवी घेतलीस ती पाण्यात बघत बसायला का?” असं बाबा विचारत. “तुमच्यासारखं धुरात बघत बसण्यापेक्षा बरं,” असं ती म्हणे.

तेव्हा आई होती. दुपारची जेवणं झाली की आई आणि बाबा खिडकीपाशी दोन खुर्च्या ओढत आणि एकाच हुक्क्याला बसत. हुक्का दोन नळ्यांचा होता. अशा हुक्क्यात एकानं ओढताना दुसऱ्यानं आपल्या नळीच्या टोकावर अंगठा दाबून धरायचा असतो. नाहीतर त्या उघड्या नळीतून नुसती हवा येते आणि पाणी जागचं हलत नाही. त्या दोघांना हे एकमेकांना सांगावं लागत नसे. बोलणं चालू असायचं आणि अंगठे आपापलं काम करायचे.

मग आई गेली. त्याच वर्षी घर बदलताना हुक्का फुटला, आणि पुढच्या वर्षी बाबांची छाती बिघडली.

डॉक्टरांनी तंबाखू बंद केली, कोळसा बंद केला, उदबत्तीसुद्धा बंद केली. बाबांनी सगळं मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, “आणि नुसतं पाणी ओढलं तर?” डॉक्टर हसले. विस्तव नसेल तर खुशाल ओढा म्हणाले, छातीला व्यायाम होईल. त्यांनी एक प्लास्टिकचा मीटर दिला. जोरात फुंकायचं, आतला काटा सरकतो, तो आकडा रोज सकाळी वहीत लिहायचा. दीडशेच्या खाली आला तर दवाखान्यात भरती.

रोज सकाळी आधी ती स्वतः फुंकायची. उपकरणावर विश्वास टाकण्याआधी उपकरण तपासायचं, ही कारखान्याची सवय. तिचा आकडा ठरलेला, चारशे चाळीस. तो आला की मीटर ठीक. मग बाबा. दोनशे दहा.

“हुक्का आणशील ना?” बाबा तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा ती निघाली.

दुकान बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत होतं, अरुंद आणि खोल. पुढच्या काचेत नवा चकचकीत माल होता आणि मागच्या फळ्यांवर जुना. दुकानदार सडपातळ, वयस्कर माणूस, बोटांना पॉलिशचा वास. तिनं कागदावर काढून आणलेली प्रश्नांची यादी पाहून त्याला गंमत वाटली.

“यादी ठेवा बाजूला, मी सांगतो काय बघायचं. आधी भांडं उचला. जड हवं, हलकं भांडं नळीला हिसका बसला की लवंडतं. आता हा मधला दांडा. नखानं खरवडा. मुलामा असेल तर निघेल. आरपार बघा, करंगळी जाईल एवढा रुंद हवा, नाहीतर गाल दुखतील. नळी धुता येईल अशीच घ्या. आणि नळीचा वास घ्या.”

“नव्या नळीला कसला वास?”

“कसलाच नाही यायला पाहिजे. म्हणून घ्यायचा.”

तिनं चार हुक्के तपासले. चारही नापास केले. एकाचा आटा निसटत होता, एकाचा रबरी वॉशर चिरलेला होता. “बाई, तुमच्यासारखी दोन गिऱ्हाइकं आली तर मला दुकान बंद करावं लागेल,” दुकानदार म्हणाला आणि मागच्या फळीवरून पाचवा खाली काढला. दोन नळ्यांचा, निळसर काचेच्या भांड्याचा. सोबत एक रबरी बूच होतं. नळी एकच लावायची असेल तर दुसऱ्या भोकाला हे लावायचं.

“आता शेवटची तपासणी. वर चिलीम बसते तिथे तळवा दाबा आणि ओढा. हवा अजिबात आली नाही, जीभ टोकाला चिकटली, तर सांधे पक्के. दुसरी नळी मी धरतो.”

तिनं तळवा दाबला आणि ओढलं. काहीच आलं नाही. आणखी ओढलं. जीभ चिकटली, कानात दडे बसले, छाती भरून आल्यासारखी झाली, पण हवेचा एक कण आला नाही. इतका पक्का सांधा तिनं कारखान्यातही पाहिला नव्हता. तिनं खूश होऊन मान वर केली.

दुकानदार चार पावलांवर, गल्ल्यापाशी उभा होता. दोन्ही हातांनी सुतळी तोडत होता.

दुसरी नळी काउंटरवर पडली होती. तिचं टोक उघडं होतं आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या रिकाम्या खुर्चीकडे होतं.

तिनं पुन्हा ओढून पाहिलं. या वेळी फुसकन हवा आली, यायला हवी तशी. त्यानं आत्ताच अंगठा काढला असणार, असं तिनं मनाशी म्हटलं. आयुष्यभर ती गळती शोधत आली होती. जिथे गळायलाच हवं तिथे गळत नाही, याची तपासणी तिला कुणी शिकवलीच नव्हती.

“बूच लावूनच वापरा,” खोक्याला सुतळी बांधत दुकानदार म्हणाला. “आणि ओढायचं. फुंकायचं नाही कधी. पाणी दांड्यात चढतं.”

घरी तिनं सगळे सांधे पुन्हा बादलीत बुडवून तपासले. दांड्याचं टोक दोन बोटं बुडेल इतकं पाणी भरलं. दुसऱ्या भोकाला बूच लावलं आणि जास्तीची नळी कपाटात ठेवली. बाबांनी पहिली ओढ घेतली, भांड्यात पाणी गुडगुडलं, आणि त्यांनी डोळे मिटले.

“जमलं?”

“जमलं,” बाबा म्हणाले. बराच वेळ त्यांनी डोळे उघडले नाहीत.

पहिले चार दिवस दोनशे दहा. पाचव्या दिवशी दोनशे. मग एकशे नव्वद. तिचे चारशे चाळीस ठाम होते, म्हणजे मीटरचा दोष नव्हता.

“बाबा, तुम्ही कोळसा तर नाही ना लावत?”

“घर हुंगून बघ, इन्स्पेक्टर.”

तिनं खरोखरच हुंगलं. पडदे, उश्या, बाबांचा सदरा. धुराचा मागमूस नव्हता. उलट बाबांचा चेहरा उजळला होता. दाढी रोज होऊ लागली होती. दुपारचं जेवण ते लवकर उरकत, असं शेजारच्या काकू सांगत होत्या. “भिंतीतून ऐकू येतं गं, छान गप्पा चाललेल्या असतात. कोण येतं दुपारचं?”

“रेडिओ असेल,” ती म्हणाली. घरात रेडिओ नव्हता.

नवव्या दिवशी एकशे साठ.

त्या दिवशी कारखान्यातला कॉम्प्रेसर बंद पडला आणि फोरमननं सगळ्यांना जेवणाच्या सुट्टीतच घरी पाठवलं. ती तीन जिने एका दमात चढली. ते ती नेहमीच चढायची. दार लोटलेलं होतं. आतून पाण्याचा आवाज येत होता, गुडगुड, मग शांतता, मग पुन्हा गुडगुड.

खिडकीतून स्वच्छ ऊन आलं होतं. बाबा आपल्या खुर्चीत होते. आईची खुर्ची समोर ओढलेली होती. बूच खिडकीच्या कठड्यावर पडलं होतं, दुसरी नळी हुक्क्याला लावलेली होती, आणि तिचं उघडं टोक आईच्या खुर्चीच्या हातावर टेकलेलं होतं.

बाबांनी ओढलं. पाणी गुडगुडलं.

ती दारातच थांबली. हे होऊ शकत नव्हतं. ते टोक उघडं होतं, तिला त्याचं काळं भोक दिसत होतं. पाणी हलायला नको होतं.

“बाबा.”

“आलीस? लवकर सुटलीस आज.” त्यांनी नळी तोंडातून काढली. त्यांना धाप लागली होती. “घाबरू नकोस. ती अंगठा धरते.”

“कोण?”

बाबांनी समोरच्या खुर्चीकडे पाहिलं, तिनं इतकं साधं विचारावं याचं त्यांना नवल वाटल्यासारखं. “खोकल्याच्या गोळीचा वास येतो तिच्या नळीतून. पुदिन्याचा. तिला आवडायच्या त्या.”

आईच्या पर्समध्ये त्या गोळ्या कायम असायच्या. क्षणभर, अगदी क्षणभरच, तिला त्या खुर्चीत जाऊन बसावंसं वाटलं.

“आणि ती ओढते तेव्हा तुम्ही अंगठा धरता?” तिनं विचारलं. आवाज कामावरचा ठेवण्याचा ती प्रयत्न करत होती.

“नाही धरत,” बाबा म्हणाले. “तिला हवा लागते गं.” आणि त्यांनी नळी पुन्हा तोंडाला लावली.

पाणी शांत होतं. एक बुडबुडा नाही.

बाबांची छाती मात्र खाली जात होती. सावकाश, थांबता थांबता, पण खालीच. ते श्वास सोडत असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग तिचं लक्ष त्यांच्या गालांकडे गेलं. फुंकणाऱ्याचे गाल फुगतात. बाबांचे गाल आत ओढले गेले होते, दातांचे उंचवटे दिसतील इतके.

ओठ निळे पडत होते.

तिनं धावत जाऊन त्यांच्या तोंडातली नळी ओढली. निघाली नाही. बाबांचे डोळे उघडे होते आणि त्यांत पहिल्यांदाच भीती दिसत होती. त्यांचा हात तिच्या मनगटावर आला, ओढ, ओढ, असं सांगत.

तिनं खुर्चीवरची दुसरी नळी उचलली. टोक कोमट होतं. ओलं होतं.

तिनं त्यावर अंगठा दाबला.

ओढ लागली. पण ती नळीच्या आतून लागली नाही. अंगठ्याच्या वरच्या बाजूनं लागली, नखाच्या बाजूनं, आणि अंगठा हळूहळू बाजूला सरकवला जाऊ लागला.

बाबांच्या घशातून बारीक शिट्टीसारखा आवाज आला.

त्या टोकाला दुसरं कुणी तोंड लावू शकणार नाही, याचा एकच उपाय तिला सुचला. तिनं अंगठा काढला, नळी स्वतःच्या ओठांत धरली आणि छातीत होती नव्हती तेवढी सगळी हवा आत फुंकली.

पाणी दांड्यात चढलं, चिलमीच्या जागेतून उसळलं आणि जमिनीवर सांडलं. बाबांची छाती वर आली. गाल भरले. त्यांच्या तोंडातली नळी गळून पडली आणि ते खोकले, भरपूर, मोठ्यानं, जिवंत माणसासारखं.

तिच्या जिभेवर चव होती. पुदिन्याची नव्हती. बरीच वर्षं बंद राहिलेली टाकी उघडली की आतून येते ती, लोखंडाची आणि शिळ्या पाण्याची.

हे तिनं बाबांना सांगितलं नाही.

बाबांना डॉक्टरांकडे दाखवून आणल्यावर त्याच संध्याकाळी तिनं हुक्का पुसून खोक्यात भरला आणि दुकानात नेऊन दिला. दुकानदारानं का म्हणून विचारलं नाही. त्यानं भांडं उजेडात धरलं, दांड्यातून आरपार पाहिलं आणि नळ्या मोजल्या.

“फुंकलं नाही ना कुणी?”

“का?”

“पाणी चढतं आत. गंजतो दांडा.” तो खोक्याची सुतळी बांधत राहिला. “फुंकलं असेल तर ज्यानं फुंकलं त्यानं...” मग त्यानं गाठ मारली. “काही नाही. दांडा मी वाळवून घेईन.”

घरी परतताना दुसऱ्या जिन्यावर तिला थांबावं लागलं. दिवसभराची दगदग, असं तिनं स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचे एकशे ऐंशी. चौथ्या दिवशी दोनशे वीस, आतापर्यंतचा सगळ्यात चांगला आकडा. आईची खुर्ची त्यांनी स्वतःच भिंतीला लावली होती.

“आता नाही येत ती,” बाबा म्हणाले. मग वहीत डोकावून त्यांनी चष्मा सारखा केला. “हा वरचा आकडा कुणाचा? तीनशे दहा?”

“माझा.”

“तुझे तर चारशे चाळीस असतात. मीटर बिघडला वाटतं.”

“हो, बिघडला असेल,” ती म्हणाली. मीटर तिनं आदल्या दिवशीच कारखान्यात नेऊन तीनदा तपासला होता. त्यात दोष नव्हता.

“पुन्हा फुंक बघू.”

ती खिडकीपाशी ताठ उभी राहिली. मीटर ओठांजवळ आणला, खांदे सैल सोडले आणि नियमाप्रमाणे आधी खोल श्वास आत घ्यायला सुरुवात केली. छाती वर यायला हवी होती. तिनं खाली पाहिलं. छाती सावकाश, थांबता थांबता खाली जात होती, आणि गाल आत ओढले जात होते.