क्रोचिफिस्साचा नवस

तुम्ही तिला भिकारीण ठरवलंत! हातमोजेसुद्धा न काढता, तिच्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या उभ्या ठरवलंत. नवसाचा जोगवा निराळा आणि पोटाची भीक निराळी, एवढा साधा फरक तुम्हाला कळला नाही, आणि आमच्या पोरींची आयुष्यं घडवायला निघालात! पण सगळा दोष तुमच्याच माथी कसा मारू? हा फरक जिला जन्मापासून ठाऊक होता, ती तेरा वर्षांची आगातीना त्या वेळी तुमच्या शेजारीच उभी होती...

अमेरिकेतल्या बफेलो शहरात, सातासमुद्रापलीकडून आलेल्या आमच्या लोकांच्या आळीत मार्च महिन्यात बर्फाचा नुसता चिखल असतो. त्या चिखलातून तिची आजी, नान्ना क्रोचिफिस्सा, काखेत टोपली घेऊन अनवाणी फिरत होती. आदल्या वर्षी आगातीनाला फुप्फुसाचा ताप भरला होता. आई बाळंतपणात गेलेली, बाप गोदीवरच्या कोठारात धान्याखाली गाडला गेलेला, घरात या दोघीच. डॉक्टरने जायला म्हणून टोपी डोक्यावर चढवली, तेव्हा म्हातारीने संत जोसेफला हात जोडले... "पोर वाचू दे, तुझ्या सणाला गोरगरिबांची पंगत घालीन!"

पोर वाचली. आता पंगत घालायची, तर या नवसाची रीतच अशी की चिमूटभर रवासुद्धा स्वतःच्या पैशाने आणायचा नाही. सगळं दारोदार मागून आणायचं, तेही अनवाणी. टोमॅटोच्या कारखान्यात दिवस दिवस उभी राहून नातीला वाढवणारी ती मानी बाई! घरात पीठ होतं, तेल होतं, तरी मागत होती.

आणि नेमक्या त्याच रस्त्याने तुम्ही, शाळा-मंडळावरच्या बाईसाहेब, आगातीनाला वसतिगृह दाखवायला नेत होतात. हुशार पोर! तिथे जागा मिळाली की पुढे शिक्षिका होणार, आमच्या आळीतली पहिली.

"शी! कोण गं ती?" तुम्ही विचारलंत.

"मला काय माहीत?" आगातीना म्हणाली. "भिकारीण असेल कोणीतरी."

नान्ना सात पावलांवर होती. तिला इंग्रजी कळत नव्हतं, पण नातीने फिरवलेली मान कळायला भाषा कशाला लागते?

घरी नान्ना कोमट पाण्यात पाय बुडवून बसली होती, तेव्हा पोरगीच तिच्यावर कडाडली.

"आपल्या लोकांकडे माग की! त्या अमेरिकनाच्या दुकानात कशाला कडमडलीस?"

"त्याच्याकडचे बदाम चांगले असतात."

"नान्ना! माझी लाज गेली सगळ्यांपुढे!"

"लाज सोडल्याशिवाय हा नवस फिटत नाही, बाय माझे," म्हातारी पाय पुसत म्हणाली. "मी माझी सोडली. तुझी कोणी मागितली नव्हती गं... तुझी चुकून गेली."

पंगत झाली. आळीतले लंगडे-पांगळे पोटभर जेवले. आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही दारात हजर! दुकानदाराने सांगितलं होतं ना, ती भिकारीण या घरात राहते म्हणून.

"भीक मागणाऱ्या घरातली मुलगी आम्ही शिक्षिका म्हणून तयार करू शकत नाही," तुम्ही म्हणालात. "विचार तिला, ती तुझी कोण लागते?"

आमच्या घरांतून असंच चालायचं. डॉक्टर येवो, घरमालक येवो, मोठ्यांचं बोलणं पोरांनीच इकडून तिकडे पोचवायचं. आगातीनाने आपल्या बोलीत विचारलं, "नान्ना, त्या विचारतायत, तू माझी कोण?" विचारताना तिच्या डोळ्यांत जी विनवणी होती... देवा, ती विनवणी! म्हातारीने ती वाचली.

"सांग त्यांना," नान्ना शांतपणे म्हणाली, "मी भाडेकरू आहे. कोपऱ्यात झोपते. या पोरीला कोणी नाही."

आणि आगातीनाने ते सगळं शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितलं! ज्या जिभेवर त्या आजीने चमच्याचमच्याने औषध घातलं होतं, त्याच जिभेने सांगितलं! तुम्ही समाधानाने मान डोलावलीत आणि निघून गेलात.

पुढे आगातीनाला वसतिगृहात जागा मिळाली, तिथे तिची अग्नेस झाली, मग ती शिक्षिका झाली. नान्नाने शाळेच्या फाटकात कधी पाऊल टाकलं नाही. सणासुदीला पाव भाजून शेजारच्या प्रोव्हिदेन्सा मावशीबरोबर पाठवायची. अग्नेस तो खोलीचं दार लावून खायची. सुरुवातीला दर रविवारी भेटायला यायची, मग महिन्याने, मग नाताळला. मावशी जिन्यातच गाठायची. "या, या, अग्नेसबाई! जपून हो, आमच्या पायऱ्यांचा मळ तुमच्या बुटांना लागेल!" ती खाली मान घालून वर जायची. अशी नऊ वर्षं.

आणि एके दिवशी भर दुपारी मावशीने शाळेच्या फाटकातूनच बोंब ठोकली... "अग्नेसबाई! तुमची भाडेकरू मरतेय! धर्मादाय इस्पितळात टाकलंय तिला!"

मुख्याध्यापिका बाहेर आल्या. भल्या होत्या बिचाऱ्या, स्वतःची मोटार काढली. वाटेत म्हणाल्या, "जुनी मोलकरीण वाटतं तुमची?"

"ओळखीची आहे," आगातीना म्हणाली, आणि ते शब्द तोंडातून निघताक्षणी तिला स्वतःची अशी किळस आली, की मोटारीचं दार उघडून रस्त्यावर उडी टाकावी!

इस्पितळात शुश्रूषा करणाऱ्या ख्रिस्ती जोगिणीने त्यांना दारातच अडवलं. "नातेवाइकांनाच सोडते. आणि या आजीला कोणी नाही, तिनेच सांगितलंय."

"मी तिची नात आहे."

नऊ वर्षं छातीत अडकलेलं वाक्य एकदाचं सुटलं! मुख्याध्यापिकांचा चेहरा पांढरा पडला. "अग्नेस, तुमच्या अर्जात तर 'कोणी नाही' असं..."

"अर्ज खोटा आहे, बाई. मी खोटी आहे."

जोगिणीने खाटेकडे वळून आमच्या बोलीत मोठ्याने विचारलं, "आजी, ही तुमची नात आहे का?"

नान्नाने कष्टाने डोळे उघडले. आधी नातीकडे पाहिलं... डोळे तुडुंब भरले. मग तिची नजर मागे उभ्या मुख्याध्यापिकांच्या उंची कोटावर, पिसांच्या टोपीवर गेली. आणि त्या हाडांच्या सापळ्याने, मरणाच्या दारात, नातीची नोकरी वाचवण्यासाठी नकाराची मान हलवली!

आगातीना खाटेशी कोसळली. आसपासच्या खाटांवरच्या बाया उठून बसल्या. तिने त्या थंड पावलांना मिठी मारली आणि नऊ वर्षांत ज्या बोलीत चारचौघांत एक अक्षर उच्चारलं नव्हतं, त्या बोलीत टाहो फोडला.

"नान्ना, पुरे झालं गं! नोकरी जाऊ दे, जळू दे ती! मी तुला रस्त्यात टाकलं, घरात टाकलं, आत्ता येताना मोटारीतसुद्धा टाकलं..."

"जा, बाय," म्हातारी पुटपुटली. "लोक बघतायत."

"बघू दे! त्यांच्या देखत मला शिव्या दे, थोबाडीत मार, माझी नात मेली म्हण! पण 'कोणी नाही' म्हणू नकोस! तुझ्या पाया पडते, नान्ना, एकदा खरं बोल... मी तुझी कोण? सांग! मी तुझी कोण?"