अंगावर घेतलेले चौघे

पुण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत चरबीच्या अनुवंशशास्त्रावर पीएच.डी.ची एकच जागा होती आणि उमेदवार आम्ही दोघं. सरांची अट सरळ होती. डिसेंबरपर्यंत एकाच लठ्ठ घराण्यातल्या बायकांची वजनं आणि चरबीचे नमुने जो आणील, त्याला जागा. म्हणून १९८४ च्या ऑक्टोबरात मी वजनकाट्याची लाकडी पेटी मांडीवर घेऊन रत्नागिरीहून मालगुंडच्या एस.टी.त बसले. कंडक्टरने पेटीचंही तिकीट फाडलं. मी भांडले, पण घेतलं.

खाडीकाठच्या मोहल्ल्यात बिल्किस नावाच्या बाईचं घर होतं. चिऱ्याच्या भिंती, अंगणात वाळत घातलेले बांगडे. घरातल्या बायका चांगल्या गरगरीत, पुरुष काडीसारखे आणि सगळे गलबतांवर खलाशी. मला हवं तसंच घराणं. फक्त बिल्किसची आई, अजराखाला, वाळून गेलेली होती. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत.

"खाला, तुम्हीच कशा बारीक?"

"ह्यांचं गलबत फुटलं तवा सतरा दिवस हे फळीवर होते," ती म्हणाली. "मी अंगावर घेतलं त्यांना. जिते आले. माझं काय परत भरलं नाय."

'अंगावर घेतलं, म्हणजे संसाराची जबाबदारी घेतली,' असं मी वहीत लिहिलं. मराठी मला कुणी शिकवायला नको, असा माझा तेव्हा समज होता.

बिल्किस चौऱ्याहत्तर किलो भरली. उंची चार फूट नऊ इंच. सुईने चरबीचा नमुना पुढच्या खेपेला घ्यायचं ठरलं. "हवी तेवढी ने, बाय," ती हसत म्हणाली. "माझ्याकडं काय कमी हाय?" तिचा धाकटा भाऊ अयूब त्याच आठवड्यात गलबतावर जायचा होता. तो तिच्या वजनाचा आकडा ऐकून इतका हसला की तिने त्याला सुपाने मारलं.

नोव्हेंबरात परत गेले तेव्हा दार उघडणारी बाई मी ओळखली नाही.

तुफानात अयूबचं गलबत हरवून एकवीस दिवस झाले होते. बंदरावरच्या लोकांनी खलाशांची नावं बुडालेल्यांत घातली होती. बिल्किस मात्र कुणाला घरात रडू देत नव्हती. मी काटा मांडून तिला उभं केलं. अठ्ठेचाळीस किलो आठशे. काटा बिघडला असेल म्हणून मी स्वतः उभी राहिले. अठ्ठावन्न, नेहमीचेच.

मी तिथेच मुक्काम केला. बिल्किस दोन्ही वेळा भात आणि मासळी पोटभर खायची, मी समोर बसून बघायचे. ताप नाही, जुलाब नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सत्तेचाळीस सहाशे भरली. तिसऱ्या दिवशी शेहेचाळीस चारशे. रोज बरोबर बाराशे ग्रॅम.

मी वहीत हिशोब मांडला. एक किलो चरबी जळली की साडेसात हजार कॅलरी मिळतात. बाराशे ग्रॅमच्या नऊ हजार. एका माणसाला दिवसाला सव्वादोन हजार पुरतात.

"बिल्किस, गलबतावर माणसं किती होती?"

"चार," ती म्हणाली. "एकट्या अयूबला कसं घेणार? बाकीचे त्याच्या तोंडाकडं बघत बसतील."

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. मला भीती वाटायला हवी होती. पण मला उठून त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. कुठल्याशा पाण्यावर चार माणसं जगत होती, आणि त्यांचा शिधा माझ्यासमोर बसून लसूण सोलत होता.

चौथ्या दिवशी काटा नऊशेनेच उतरला.

"चौघांतला भागोजी गेला," आकडा सांगण्याआधीच ती म्हणाली. "पहाटेच त्याला उतरवला. मेल्याला अंगावर ठेवायचं नसतं, बाय. नाव घेऊन सोडायचं."

मी तिच्या दंडाला चरबी मोजायचा चिमटा लावला. दोन कातड्या एकमेकींना टेकल्या. मधे काहीच उरलं नव्हतं. तिला भिंतीचा आधार सोडून बसता येत नव्हतं.

"आणखी किती दिवस?" मी विचारलं.

"माझ्यात दोन. अयूबला किती लागतील, अल्लाला म्हाईत."

सुई माझ्या पिशवीतच होती. ती तिथेच राहिली. जागेचं काय होईल ते होवो, असं मनात आलं आणि मी तिचे हात धरले.

"तू आता सोड," मी म्हणाले. "चौघंही माझ्या अंगावर."

बिल्किसने माझ्या तोंडावर हात दाबला. "चार नाय! तिघं म्हण, बाय, तिघं!"

"तिघं," मी म्हणाले.

अजराखाला उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी बिल्किसचं वजन तेवढंच राहिलं.

माझं बाराशेने उतरलं.

सहाव्या दिवशी गुजरातच्या बाजूला एका बोटीने फळकुटावरून तिघांना उचललं. पुण्याला परतल्यावर मला तार आली. अयूब सुखरूप होता. आणलेल्या तिघांत सर्वात धट्टाकट्टा तोच, असं मागाहून आलेल्या पत्रात होतं. भागोजीला त्यांनी स्वतःच्या हातांनी पाण्यात सोडलं होतं. तार वाचून मी प्रयोगशाळेत मोठ्याने रडले. जागा दुसऱ्या उमेदवाराला गेली, आणि त्याचं मला वाईटसुद्धा वाटलं नाही.

तिघं घरी पोचले. तरी माझा काटा रोज तीनशेने उतरतो.

मी भागोजीचं नाव घेऊन त्याला सोडून पाहिलं. मोठ्याने, पाण्यात उभी राहून, बिल्किसने पत्रात कळवलं तसं. तो सुटत नाही. बिल्किस लिहिते, खाली थंडी फार असते, कुणी जेवायला घातलं तर कोण उठेल?

मग मी प्रयत्न सोडला. वाटलं, त्याच्या वाटणीचे तीनशे ग्रॅम मला जड नाहीत. दोन घास जास्त खाईन. इतकी वर्षं मी चरबी मोजली, पण ती कुणासाठी असते ते मला ठाऊक नव्हतं.

तिघं घरी पोचल्याला आज बारावा दिवस. सकाळी काटा सहाशेने खाली आला.

मी तीनदा वजन केलं. सहाशेच. भागोजीने खालून आणखी कुणाला पंगतीला आणलं होतं.

मग ताटात भात वाढून घेतला, आणखी थोडा वाढला, आणि जेवायला बसले.