सरळ की तिरकं?

ग्रंथालयाच्या काउंटरवरचा प्रिंटर एकामागून एक पानं बाहेर टाकत होता आणि एक मुलगी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावत होती. प्रयोगशाळेतला प्रिंटर सकाळीच बंद पडला होता, म्हणून तिनं पानं इकडे पाठवली होती. आणि ती भलत्याच्या हाती पडावीत अशी मुळीच नव्हती. धापा टाकत ती पोचली तेव्हा पहिलं पान नव्या ग्रंथपालाच्या हातात होतं. त्यानं ते शांतपणे वाचलं, मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

“‘तुला माझी आठवण तरी येते का?’” त्यानं पहिली ओळ वाचून दाखवली. मग जरा विचार करून म्हणाला, “आपली आधी भेट झालीय का? झाली असेल तर माफ करा, माझ्या लक्षात नाही.”

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. टिंगल करतोय म्हणावं तर ओठांचा एक कोपरासुद्धा हलला नव्हता. माणूस खरंच आठवून पाहत होता! तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या आणि मग नेहमीप्रमाणे तिनं एका श्वासात सगळं सांगून टाकलं.

सांगण्यासारखं होतं ते एवढंच. ती संगणकशास्त्रात संशोधन करत होती. माणसं एकमेकांना पाठवतात तसल्या निरोपांतली दोन हजार वाक्यं तिनं परवानगी घेऊन गोळा केली होती. ‘वा, लवकर आलात’ हे वाक्य कौतुकाचं की टोमण्याचं, हे संगणकाला ओळखता यावं म्हणून तिची सगळी धडपड. पण संगणकाला शिकवायचं तर आधी माणसांनी प्रत्येक वाक्यावर शिक्का मारायला हवा: सरळ की तिरकं. एका माणसाचा शिक्का कुणी मानत नाही. दोघांनी वेगवेगळे मारायचे आणि ते शंभरात किती वेळा जुळतात ते पाहायचं. सत्तरच्या वर जुळले तर काम खरं.

“आणि दुसरा माणूस कोण?” त्यानं विचारलं.

“तोच मिळत नाहीये.”

“मी पुस्तकांना दिवसभर शिक्केच मारतो,” तो म्हणाला. “वाक्यांना मारून बघतो.”

विभागात तिला सगळे ‘घाई’ म्हणत. लिफ्टचं बटण दाबून, लिफ्ट येईपर्यंत दम न निघून ती जिन्यानं वर जायची आणि वर पोचल्यावर लिफ्टला नावं ठेवायची. चहा गार करायला वेळ नाही म्हणून रोज जीभ भाजून घ्यायची. अशा मुलीला दिवसाला नेमकी पंचवीस वाक्यं, एकही जास्त नाही, असा नियम मार्गदर्शक मॅडमनी घालून दिला होता. दुसरा नियम तिनं स्वतःच लिहिला होता: दोघांनी एकमेकांचे शिक्के पाहायचे नाहीत आणि वाक्यांबद्दल बोलायचं नाही. दोघांच्या फायली दर आठवड्याला थेट मॅडमकडे जात.

वाक्यांबद्दल ती दोघं खरंच कधी बोलली नाहीत. बाकी सगळ्याबद्दल बोलली. दुपारी साडेतीनला उपाहारगृहात चहा सुरू झाला, तो आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग ‘आज का नाही आलात’ असं विचारण्याइतका. तिला कळलं, की त्याचे वडील कानाने अधू होते. घरात जे बोलायचं ते एकदाच, मोठ्यानं आणि सरळ. “तिरकं बोलणं ओरडून सांगता येत नाही हो,” तो म्हणाला, “त्यातली मजाच जाते. म्हणून आमच्याकडे कुणी शिकलंच नाही.” तिचं नेमकं उलटं. तिला आत्यानं वाढवलं होतं, आणि आत्या सरळ बोलली तर शेजारचे तब्येतीची चौकशी करायला आले असते. जरा उशीर झाला की दारातच स्वागत व्हायचं, “या पाहुण्या, घर सापडलं का?”

त्यामुळे एका दुपारी, बाहेर पाऊस भुरभुरत असताना, तो चहाच्या कपाकडे बघत म्हणाला, “तुम्ही आला नाहीत की मला इथे करमत नाही...” तेव्हा ती खळखळून हसली. “काय फेकता हो,” म्हणाली. तो हसला नाही. त्यानं खिडकी थोडी लोटून घेतली, तिच्या बाजूला पाणी उडत होतं म्हणून. ते तिच्या लक्षात आलं, घरी जाताना वाटभर आठवत राहिलं, आणि रात्री उगाच दोनदा कूस बदलावी लागली. पण ‘करमत नाही’चा शिक्का काही तिला ठरवता आला नाही.

चौथ्या महिन्यात एका सोमवारी मॅडमनी तिला बोलावलं. पडद्यावर दोघांच्या जुळणीची एक रेघ होती. पहिली सातशे वाक्यं रेघ सत्तर-बहात्तरच्या आसपास चालली होती. तिथून ती चढायला लागली आणि सतराशेव्या वाक्यापाशी शहाण्णववर जाऊन बसली.

“सख्ख्या जुळ्या बहिणींचं एवढं जुळत नाही,” मॅडम म्हणाल्या. “त्याला तुझी फाइल बघायला मिळते का?”

तिच्या तोंडचं पाणी पळालं. ग्रंथालयातल्या संगणकावर ती कितीदा तरी काम करायची, आणि फाइल बंद न करताच धावत सुटायची. घाईच ती. मॅडमनी शांतपणे सांगितलं, की नक्कल असेल तर सगळंच रद्द, पहिली सातशेसुद्धा. दोन वर्षं गोळा केलेली वाक्यं उरतील, पण त्या शिक्क्यांवर कुणी विश्वास ठेवणार नाही. शुक्रवारपर्यंत काय ते शोधून सांग.

त्या दुपारी ती चहाला गेली नाही. काउंटरवरच जाऊन उभी राहिली.

“माझी फाइल पाहिलीत कधी?”

तो पुस्तकावर तारखेचा शिक्का मारत होता. हात थांबला. “नाही.”

“उघडी होती म्हणून... सहज...”

“नाही,” तो पुन्हा म्हणाला. तेवढंच. ना चिडला, ना शपथा घेतल्या.

आणि तिला ते दोन अक्षरांचं उत्तर भलतंच थंड वाटलं. खऱ्या माणसानं जरा तरी आकांडतांडव केलं असतं, असं तिला वाटलं. तिला दुखत होतं ते प्रबंधासाठी नव्हतं, हे कबूल करायला तिला दोन दिवस लागले. त्यानं काम उरकायला तिचे शिक्के उतरवले असतील, तर ते चहा, ती खिडकी, ते ‘करमत नाही’... सगळं उतरवलेलंच असणार. या एका विचारानं तिचे पाय कुठे ठरेनात. बसली की उठायची, उठली की खिडकीपर्यंत जाऊन परत यायची. साडेतीन वाजले की तर जीव नुसता टांगणीला.

बुधवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आत्यानं दार उघडलं, तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “जेवून घे. चेहरा उतरलाय तुझा.”

ती चपला काढता काढता थांबली. “म्हणजे काय?”

“म्हणजे काय, काय? म्हणजे जेवून घे.”

ती जेवली. जेवताना तिच्या मनात आलं, की आत्याचं साधं वाक्यसुद्धा आपण उलटून-पालटून पाहिलं, अस्तर तपासल्यासारखं. मग जो माणूस दुसरं काही बोलायला शिकलाच नाही, त्याच्या ‘नाही’चं आपण काय केलं असेल?

गुरुवारी सकाळी ती मॅडमच्या खोलीत गेली आणि दोघांच्या शेवटच्या तीनशे वाक्यांच्या फायली मागून घेतल्या. त्या अजून कुणी ताडून पाहिल्या नव्हत्या. हिशोब सोपा होता: नक्कल असेल तर जुळणी शहाण्णवच्या आसपासच राहील. तिनं दोन्ही रकाने शेजारी शेजारी लावले आणि आकडा काढला.

एकेचाळीस.

काही तरी चुकलं म्हणून तिनं पुन्हा काढला. एकेचाळीसच. प्रत्येक शिक्क्याशेजारी तारीख होती. सगळे तिनं विचारायच्या आधीचेच. म्हणजे रागानं मुद्दाम बिघडवलेले नव्हते. ती एकेक ओळ वाचायला लागली. ‘हो हो, माझंच चुकलं.’ आपण काय मारलंय? सरळ. तिनं डोळे चोळले. आत्याच्या भाचीनं याला सरळ म्हणावं? आणि त्यानं तिरकं मारलं होतं. ‘किती काळजी करतेस गं माझी.’ तिचं सरळ, त्याचं तिरकं. ‘बस, आता राहूच दे.’ तिचं सरळ, त्याचं तिरकं...

तिला एकदम आठवलं. गेल्या महिन्यापासून कुठलंही वाक्य समोर आलं, की ते तिला त्याच्या आवाजात ऐकू यायचं, आणि त्याच्या आवाजात काहीच तिरकं वाटायचं नाही. आपण त्याच्या कानांनी ऐकत होतो. आणि तो? तो पठ्ठ्या प्रत्येक वाक्याला, ‘हिला हे कसं वाटेल’, असं विचारत बसला होता. ती त्याच्या घरी जायला निघाली, तो तिच्या घरी. वाटेत मध्यावर गाठ पडली तेव्हा रेघ शहाण्णववर गेली, आणि दोघंही न थांबता एकमेकांना ओलांडून पुढे गेली.

मॅडमनी ते आकडे पाहिले, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. नक्कल नाही, हे त्यांनी मान्य केलं. पहिली सातशे राहतील. पुढची तेराशे मात्र बाद. दुसरा माणूस त्यांनी सोमवारीच नमुना देऊन पारखून ठेवला होता, त्याच्याकडून नव्यानं शिक्के मारून घे, आणि शोधनिबंध या खेपेला परिषदेला पाठवायचं विसर, सहा महिने पुढे गेलं. “आणि का बाद केली, त्याचं कारण निबंधात खरं खरं लिहायचं,” त्या म्हणाल्या. “काय लिहिणार?”

“आधी कारणाला विचारून येते,” ती म्हणाली.

या वेळी तिनं लिफ्टचं बटणसुद्धा दाबलं नाही.

ग्रंथालयात दुपारची सामसूम होती. तो पुस्तकांची चळत समोर घेऊन उभा होता, आणि चार दिवसांत जरा वाळलेला दिसत होता. किंवा तिला तसं वाटलं. तिनं कागद काउंटरवर ठेवला. दोन रकाने, शेवटची तीनशे वाक्यं.

“तुम्ही नाही म्हणालात आणि मी विश्वास ठेवला नाही,” ती म्हणाली. “माझं चुकलं.”

तो कागद वाचत होता. एक बोट तिच्या रकान्यावर, एक स्वतःच्या. बोटं हळूहळू खाली सरकली, मध्येच थांबली, आणि त्याच्या चेहऱ्यावर ती आठवायची जुनी धडपड दिसली... मग कळल्याचा उजेड दिसला. कान लाल व्हायची पाळी आज त्याची होती.

“म्हणजे तुम्हीपण...” तो म्हणाला.

“तुमचे तेराशे शिक्के रद्द झालेत,” ती भराभर बोलायला लागली. “माझेही. सहा महिने गेले, आणि तुम्हाला आता हे काम करता येणार नाही, मॅडमच्या सासूबाई करणार आहेत, त्यांनी नमुन्याच्या वीस वाक्यांपैकी एकोणीस तिरकी ठरवलीत, आणि...” इथे तिचा श्वास संपला. तिनं दोन्ही हात काउंटरवर टेकले आणि आयुष्यात पहिल्यांदा एक वाक्य हळू म्हटलं.

“तुम्ही मला आवडता. हे सरळ आहे.”

पंख्यानं कागदाचा कोपरा उचलला, त्यानं तो बोटानं दाबून धरला. मग त्यानं समोरची चळत सरळ केली, वरचं पुस्तक उचलून पुन्हा तिथंच ठेवलं. एरवी एवढ्या वेळात ती दोनदा निघून गेली असती.

“तू मला अजिबात आवडत नाहीस,” तो शेवटी म्हणाला. चेहरा अगदी गंभीर, पण ओठांचा डावा कोपरा त्याच्या ताब्यात नव्हता. नवशिक्याच होता. “शिक्का?”

आत्याच्या भाचीला असलं वाक्य ओळखायला क्षणभरही लागत नाही. तरी ती पहिल्याच शब्दावर अडकून पडली. चार महिन्यांत त्यानं तिला ‘तुम्ही’खेरीज काही म्हटलं नव्हतं.

“वाक्य तिरकं आहे,” ती म्हणाली. “पण त्यातला ‘तू’ सरळ आहे. तेवढा मी ठेवून घेते.”

साडेतीन वाजले होते. त्यानं काउंटरवर ‘लगेच येतो’ची पाटी लावली, आणि तिनं पहिल्यांदाच चहा निवू दिला.