तिसऱ्या बेलपर्यंत

त्या शनिवारी मी ऑफिसला गेले ती फक्त माझं टेबल आवरायला. आवरण्यासारखं होतं तरी काय! एक स्टीलचा डबा, एसीत घालायचा स्वेटर, दोन पेनं आणि मुलीचा शाळेतला फोटो. सोमवारपासून माझी बदली पनवेलला झाली होती. आमच्या इमारतीची बेल आता बेलापूरच्या मुख्य ऑफिसात वाजणार होती. तिथला एक माणूस खुर्चीत बसून दहा इमारतींची दारं उघडणार होता. म्हणजे इथे माझी गरज उरली नव्हती.

न्हावा शेव्याच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची इमारत आहे. चार मजले, त्यातले अडीच रिकामे. बाकीच्यांत मालाचे कस्टमचे कागद करणाऱ्या क्लिअरिंग एजंटांची ऑफिसं. समोर खाडी, तिवरं आणि ओहोटीला येणारा चिखलाचा वास. ट्रेलर दिवसभर धडधडत जातात, पण ते थांबत नाहीत. माणूस असा दिसतच नाही. येणाऱ्याला दार उघडायचं काम माझं. मी दुसऱ्या मजल्यावर एकटी बसायचे. घरीही एकटीच. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली. खरं सांगते, दिवसभरात माझ्याशी जे काही बोलणं व्हायचं ते त्या बेलमधूनच.

बेल टचलेस होती, लॉकडाऊननंतर बसवलेली. तिला बोट लावायचं नाही, पॅनेलपुढे छातीच्या उंचीवर नुसता हात धरायचा. मग वर माझ्या टेबलावरच्या सेटवर बेल वाजायची आणि स्क्रीनवर माणूस दिसायचा. मी म्हणायचे, "या, ढकला दार." बटण दाबलं की खाली खट्कन आवाज.

दिसायला छान, पण यंत्र महा वात्रट. कावळा समोरून गेला तरी वाजायचं, प्लॅस्टिकची पिशवी उडाली तरी वाजायचं. त्यात दार पश्चिमेला. चारनंतर ऊन थेट कॅमेऱ्यात शिरायचं आणि स्क्रीन पांढरी फटक पडायची. बाहेर माणूस आहे की वारा, काही कळायचं नाही. म्हणून मी माझा नियम केला. तिसऱ्यांदा वाजली तरच उघडायचं.

हा नियम काही मी शोधून काढलेला नव्हता. माणगावकडच्या आमच्या गावात तिन्हीसांजेला बाहेरून हाक आली तर लगेच ओ देत नाहीत. तिसऱ्या हाकेची वाट बघतात. आजीने लहानपणी अंगात भिनवलेलं ते. मी एवढी पासष्ट टक्क्यांनी बी.कॉम. झाले, पण ते काही गेलं नाही.

दादूकाकांना मी हे एकदा सांगितलं. दादूकाका मूळचे चौलचे, इकडे उरणात एका खोलीत राहायचे. वय पासष्टच्या पुढे. बंदरातल्या ऑफिसांतून कागद आणून एजंटांना पोचवायचं काम. रोज पावणेपाचला सायकल भिंतीला लावायची, पॅनेलपुढे हात धरायचा. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत.

"आमची आय पन तसंच सांगायची, बाय. मेल्याला दोनदाच हाक मारता येते. तिसरी त्याच्या गल्यातनं निघतच न्हाय."

त्या दिवसापासून ते मोजून तीनदा हात धरायचे. तिसऱ्या वेळी कॅमेऱ्याच्या इतकं जवळ तोंड आणायचे की त्या उन्हातसुद्धा त्यांचे पुढचे दोन दात तेवढे दिसायचे.

"तीन झालं, बाय. जिता हाय मी, उघड!"

मग वर येऊन पाणी प्यायचे, दहा मिनिटं बसायचे. वाडीतल्या सुपाऱ्या, कुणाचं लग्न, कुणाचा गुडघा. माझ्या दिवसातली तेवढी दहा मिनिटं बरी जायची. मी कधी त्यांना तसं बोलून दाखवलं नाही.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, एका मंगळवारी, पावणेपाचला बेल वाजली. एकदाच. स्क्रीन पांढरी. मी हात बटणाकडे नेलासुद्धा, आणि मागे घेतला. दुसरी वाजेपर्यंत बराच वेळ गेला. पाच-सात मिनिटं असतील. दादूकाका एवढा वेळ लावत नसत. म्हटलं, कावळा असेल. तिसरीची वाट बघत मी चहा घेतला.

तिसरी आलीच नाही.

सहा वाजता मी खाली उतरले, दार आतून ओढलं आणि दादूकाका माझ्या पायांवर कलंडले. दाराला टेकून बसलेले होते. मांडीवर कागदांची फाइल, उजवा हात पायरीवर उताणा. अंग अजून गरम होतं, पण ते उन्हाने. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, उष्माघात. आणि मान वर न करता म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं."

मी मान डोलावली. बेल दोनदा वाजल्याचं मी कुणालाही सांगितलं नाही. चौलहून त्यांचा पुतण्या आला, त्याने मला हात जोडले. "ताई, तुमी व्हता म्हनून निदान काका बेवारशी न्हाय पडले." त्या रात्री मी घरी जेवले नाही.

तेराव्या दिवशी, पावणेपाचला, बेल वाजली.

मी धावत खाली गेले. कुणी नव्हतं. वर येते तो पुन्हा वाजली. मग काही नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी आमच्या ऑफिसच्या अजित साहेबांना सांगितलं. त्यांनी माणूस बोलावून सेन्सर बदलून घेतला. नवा सेन्सरही पावणेपाचला वाजला. पावसाळ्यात ऊन नसायचं तेव्हा स्क्रीन स्वच्छ दिसायची. ओली पायरी, कठडा, मागे खाडी. आणि त्या रिकाम्या पायरीवरून बेल वाजायची. पाच-सात मिनिटांनी पुन्हा एकदा.

मी नियम सोडला. पहिल्या बेललाच बटण दाबायला लागले. माइकवर म्हणायचे, "या दादूकाका, ढकला दार." खाली खट् व्हायचं. कुणी ढकलायचं नाही. दुसरी बेल मात्र वाजायचीच. मी पुन्हा दाबायचे. मग सहापर्यंत शांतता, आणि मी स्क्रीनकडे बघत बसलेली.

भीती वाटायची का? सुरुवातीला वाटली. नंतर नुसतं वाईट वाटायचं. हळूहळू माझ्या मनाने घेतलं की माणूस नियमाचा पक्का आहे. तीन झाल्याशिवाय आत यायचा नाही. आणि तिसरी त्याला जमत नाही. वर्ष होत आलं, तो त्या पायरीवर अडकून पडला आहे. सोमवारपासून इथे कुणीच नसेल. बेलापूरच्या माणसाला काय माहीत, दोन बेलमागे कोण आहे ते.

म्हणून त्या शनिवारी टेबल आवरून झालं तरी मी थांबले. इमारतीत दुसरं कुणी नव्हतं. दुपारीच साहेबांनी माझं कार्ड आणि चाव्या जमा करून घेतल्या होत्या. "जाताना मागचं दार नुसतं ओढून घ्या, आपोआप लागतं," म्हणाले. मी केर काढला, खुर्ची उलटी करून टेबलावर ठेवली. सेट तेवढा चालू ठेवला.

पावणेपाचला पहिली वाजली. मी काही केलं नाही. सहा मिनिटांनी दुसरी.

मी खाली उतरले. दार मागे लागू नये म्हणून कचऱ्याचा डबा फटीत सरकवला आणि बाहेर पायरीवर आले. ऊन तोंडावर आपटलं. पॅनेलपुढे उभी राहिले आणि हात धरला.

"ही तिसरी, दादूकाका," मी म्हटलं. "तुमच्या वतीने. आता चला आत."

पॅनेलच्या आत बारीक सूर वाजला. वर माझ्या टेबलावर बेल वाजत असणार. खाडीवरून वाऱ्याचा एक झोत आला. मागे दार आत झुललं, डबा घरंगळला आणि दार परत येऊन लागलं... खट्.

मी वळून दार ढकललं. ओढलं. काचेवर थापा मारल्या. पर्स वर, मोबाइल वर, कार्ड साहेबांकडे. रस्ता भिंतीपलीकडे, ट्रेलर चाललेले. मी ओरडले, पण त्या धडधडीत माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. फाटकाला दुपारीच बाहेरून कुलूप लागलं होतं. मला जायचं ते मागच्या छोट्या दाराने, आणि ते इमारतीच्या आतून.

आता दार उघडणार ते फक्त वरून. आणि वर कुणी नव्हतं.

तरी मी पुन्हा हात धरला. माणूस अशा वेळी दुसरं काय करणार? सूर वाजला. थांबला. मी वाट बघितली.

तिथे मला कळलं, वाट बघणं म्हणजे काय ते. वर बसून पाच मिनिटं म्हणजे अर्धा कप चहा. त्या पायरीवर पाच मिनिटांत जीभ टाळूला चिकटते. सावली नाही, आडोसा नाही. आधी डोकं ठणकायला लागलं, मग उभं राहवेना. मी दाराला टेकले आणि घसरत खाली बसले. बसल्यावर वर बघितलं, तर पॅनेल डोक्याच्याही वर गेलेलं. आणि मला रडू फुटलं. जुनी बटणाची बेल असती तर त्यांनी नुसता हात बटणावर टेकवून ठेवला असता. इथे हात हवेत धरावा लागतो. बसलेल्या माणसाला तो तिसऱ्यांदा तेवढा वर नेता आला नव्हता. आणि वर मी मोजत बसले होते.

"चुकलं माझं," मी मोठ्याने म्हटलं. "दादूकाका, चुकलं हो माझं..."

किती वेळ गेला कळलं नाही. कठड्याला धरून मी कशीबशी गुडघ्यांवर आले. हात उचलला. तो पॅनेलपर्यंत पोचेना. डाव्या हाताने उजवं कोपर ढकलून वर नेलं.

सूर वाजला.

मग तो मध्येच तुटला. आमच्याकडे सूर मध्ये तुटतो तो एकाच कारणाने. वर कुणीतरी उचललं की.

पॅनेलमधून खरखर आली. कुणीतरी माइकच्या फार जवळ तोंड आणल्यासारखी. मी श्वास धरून ऐकत राहिले.

"तीन झालं, बाय..." अगदी हळू. "जिती हाय ना?"

मला वाटतं, मी नुसती मान हलवली. कॅमेऱ्यात ऊन होतं, वर काय दिसलं असेल कोण जाणे. बराच वेळ पलीकडे कुणी काही बोललं नाही. एवढा वेळ, की मी जिती आहे याची मलाही खात्री वाटेनाशी झाली.

मग दार उघडलं... खट्.

मी आत रांगत गेले. गार फरशीवर गाल टेकून पडून राहिले. उठले तेव्हा वर जायची माझी छाती नव्हती, पण पर्स, मोबाइल, घराची किल्ली, सगळं वरच. जिने चढताना मी त्यांचं नाव घेत गेले. वर कुणी नव्हतं. स्क्रीन पांढरी. टेबलावर उलटी ठेवलेली माझी खुर्ची खाली, सरळ, सेटपुढे सरकवलेली होती. मी तिला हात लावला नाही. सेटची वायर उपटली, तो पिशवीत घातला आणि निघाले. सोमवारी तो मी स्वतः स्टोअरमध्ये जमा केला, सही घेऊन.

याला दीड महिना झाला. परवा पनवेलच्या स्टँडवर जुन्या इमारतीतली, तिसऱ्या मजल्यावरची नेत्रा भेटली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "ताई, राग मानू नका, पण बेलापूरवाले तुमच्यापेक्षा फास्ट आहेत हां. हात पुरता वर पण जात नाही, तोवर दार उघडतं. आमचे कागदवाले तर खूश आहेत, एवढ्या उन्हात एक मिनिट उभं राहावं लागत नाही."

मी घरी येऊन बेलापूरला फोन लावला. तिथला माणूस जरा वैतागलेलाच होता.

"त्या बिल्डिंगची बेल आमच्यापर्यंत येतच नाही, मॅडम. त्याआधीच दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी उघडतं. तुमच्या जागेवर कोणाला बसवलंय?"

मी फोन ठेवला. तेव्हापासून एकच गोष्ट मनातून जात नाही. येणाऱ्या प्रत्येकाला दादूकाका पहिल्या बेलला दार उघडतात. कुणालाच बाहेर थांबवत नाहीत. मला मात्र त्यांनी तीन मोजायला लावले.